चौथा पाय

तुर्भ्याला लाकडाच्या गाळ्यात म्हणालो,
सागाची पट्टी द्या, दोन बाय एक, सहा फूट.
भानुशालीनं विचारलं, देव्हारा?
म्हटलं, नाही. लाँचपॅड.
त्यानं समजल्यासारखी मान हलवली
आणि लॅपटॉप ठेवायला बरा म्हणून
पाइनचा एक तुकडा वर फुकट दिला.

फोटो एकच आहे.
सत्त्याऐंशीचा मार्च, कोपरखैरणे.
सेक्टर म्हणजे तेव्हा चुन्याची रेघ
आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना तेच गवत.
चिंदरकर सर उकिडवे, तोंडात सुतळीचं टोक,
अन्सारच्या मांडीवर लुनाची बॅटरी,
विदुलानं कानांवर हात ठेवलेत,
अजून काहीच वाजलेलं नसताना.
आणि मधे तो, गुडघ्याएवढा चौरंग:
वेल्डिंगची कांडी ठोकून सोलून केलेला दांडा,
जाळ अडवायला डालड्याचं झाकण,
कडेला शिसपेन्सिलीनं दहा ते शून्य,
कारण उलटं मोजताना
अन्सारचा सात नेहमी सांडायचा.

फोटो मी काढला, म्हणून मी त्यात नाही.
चौरंगाचा चौथा पायही नाही,
तो चौकटीबाहेर राहिला.

सरांना खिळा चालत नसे.
त्यांचे वडील आचऱ्याला होड्या सांधायचे.
खाडीची हवा खिळा खाते रे, म्हणायचे,
कुसू फुगते, फुगून धरून ठेवते.
आणि दांडा थोडा खाडीकडे कलता ठेवा,
पडलं तर चिखलात पडू दे,
कुणाच्या वाळवणात नको.

रात्री गॅलरीत हातकरवत चालवतो.
ड्रिल लावलं की वरून सावे फरशी ठोकतात.
भाची ऋजुता म्हणते, मामा,
प्लॅस्टिकचा तयार मिळतो, घडी होतो.
मी ऐकतो, आणि कुसवाचं भोक
पुन्हा अर्धा दोरा मोठं करतो.
भुसा कुंडीत, भुसा चहात.

मग लाकडाला जुनं दिसायला शिकवलं.
कोरा चहा पाजला दोन हात,
लोखंडाचा चुरा भिजवलेलं व्हिनेगर,
कोपऱ्यांवर दगडाचे टोचे.
चांगलं चाळीस वर्षांचं झालं एका रविवारात.
पुसून समोर ठेवलं, आणि लाज वाटली.
तेव्हा तो जुना कुठे होता?
पिवळाधमक होता, ओल्या फळीचा वास मारत,
आमच्या हातांना चिकटत होता.
सगळा चहा मी पॉलिशपेपरनं घासून काढला.

चौथ्या पायाचं मात्र अडलं.
अन्सार मस्कतहून शपथेवर सांगतो,
चारही सारखे होते, मी मोजले होते.
अन्सारचं मोजणं.
ऐरोलीहून विदुलाचा निरोप आला, बोललेला,
मागे कुकरच्या शिट्ट्या:
अरे, तो पाय तूच कापलास.
चार बोटं आखूड कापलास आणि रडलास.
सर काही बोलले नाहीत, खाली वीट सारली.
आणि फोटो काढताना, शहाण्या,
वीट तू बाहेर ठेवलीस.

मी तो निरोप तीनदा ऐकला.
कुकर तीनदा वाजला.

आता घणसोलीपासून वाशीपर्यंत
बांधकामांवर वीट नाही,
राखेचे करडे ठोकळे, हलके, कडा सरळ.
शेवटी बोनकोड्याच्या गावठाणात
एका आजीनं पिंपाखालून काढून दिली,
लाल, शेवाळलेली,
भट्टीवाल्याचं अर्धं नाव अंगावर.
विचारलं, किती देऊ?
म्हणाल्या, पिंप आता डुगडुगतंय,
तेवढं नीट लावून दे.

एक सपाट दगड शोधून पिंप लावून दिलं.
घरी येऊन चौथा पाय उपसला,
चार बोटं मोजली, माझी, आताची,
आणि कापला.

रॉकेट किती उंच गेलं होतं,
हे आम्हा तिघांपैकी कुणालाच आठवत नाही.
सर असते तर त्यांनी आकडा सांगितला असता
आणि आम्ही वाद घातला असता.

गॅलरीत विटेवर पाय टेकवून तो उभा आहे.
दांड्याला ओळंबा लावून बघतो.
किंचित कललाय.
खाडी कुठल्या बाजूला आहे,
ते इमारतींमुळे दिसत नाही.