लाभ

वाशीला, सेक्टर सतरात, जिन्याखालच्या दुकानात
पोरगा विचारतो, "काका, बजेट?"
म्हटलं, आधी माल दाखव.

मुलगी माझी, वृषाली, महिन्यातले अठरा दिवस घरी नसते.
इस्पितळांतली स्कॅनिंगची यंत्रं रुसली
की हिला बोलावणं येतं:
गुवाहाटी, मस्कत, एकदा तर दार-ए-सलाम.
ते नाव माझ्या जिभेवर बसायला तीन दिवस लागले,
तोवर ती परत आली होती.
रविवारी पस्तीस पूर्ण होतायत तिला.
साडी नेसत नाही. सोनं दिलं तर लॉकरात टाकते.

पोरानं काचेवर मांडामांड केली.
पॉवर बँक, विटेएवढी.
"आठवडाभर बघायला नको, काका."
आणि विमानात चालते?
त्यानं खोक्यावरचे बारीक आकडे वाचले,
खोकं गुपचूप मागे सरकवलं.
मग हेडफोन. घातले की जग बंद.
घालून बघितले. खरंच बंद झालं.
पोराचे ओठ हलत होते,
बाहेर रिक्षा मुक्यानं वळत होती.
तिची आई शेवटी शेवटी अशीच लांबून बोलायची.
काढले लगेच.
मग एक टिकलीसारखं, बॅगेत टाकून ठेवायचं,
म्हणजे बॅग कुठे आहे ते फोनवर दिसतं.
बॅगेचं काय करायचंय मला.

शेवटी त्यानं खालच्या खणातून, जरा कंटाळूनच,
मूठभर एक वस्तू काढली.
एक आकडा लटकवायला, एक आकडा वाचायला.
"बॅगेचा काटा. पन्नास किलोपर्यंत."

काटा!
अरे, बत्तीस वर्षं मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
मापाडी होतो.
पहाटे गाळ्यासमोर गोणी आदळायची,
धूळ बसायच्या आत वजन पुकारायचं,
आणि पहिल्या गोणीला कधी एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं.
लाभ, दोन, तीन…
या खांद्यावरून व्यापारी वाकलेला, त्या खांद्यावरून शेतकरी,
मधे मी.
मापात पाप केलं नाही.
(एकदा केलं. ते इथे नको.)

म्हटलं, "शेजारच्या वाण्याकडून किलोभर साखर आण."
पोरगा हसला, पण गेला.
पुडा लटकवला, मूठ उचलली.
नऊशे ऐंशी. एक वीस. नऊशे साठ.
आकडे पळतायत, थांबायचं नाव नाही.
"खोटा आहे हा."
"काका, हात स्थिर लागतो,"
पोरगा हळूच म्हणाला
आणि काटा त्यानं माझ्या हातातून घेतला.
टीं.
एक किलो, दहा ग्रॅम.
दहा ग्रॅम पिशवीचे. काटा खरा होता.

सातशे नव्वद दिले.
साखरही घेतली, तिला कोण परत घेणार.

बुधवारी, कोपरखैरण्याला, रात्री अडीच वाजता
तिनं बॅग लटकवून हात ताठ केला.
अर्ध्या श्वासात आकडा थांबला:
बावीस किलो, तीनशे.
"अजून सातशे बसतंय," मी म्हटलं
आणि कारळ्याची चटणी आणायला वळलो.
"पप्पा, वास येतो तिचा. कपड्यांना लागतो."
मग स्वतःच मोज्यात गुंडाळून कोपऱ्यात दाबली.
पुन्हा उचलली. बावीस सातशे.
"लाभ," म्हणाली,
लहानपणी खिडकीत बसून म्हणायची तशी.

साडेचारला फोन.
"पप्पा, इथला काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवतोय."
मागे गलका, कुणाचं तरी बाळ रडतंय.
मी अंथरुणात उठून बसलो.
"बघ गं, त्याच्यावर या वर्षीचा शिक्का आहे का."

खरंच वाकून बघत असणार ती.
बराच वेळ
नुसतं ते बाळ ऐकू येत होतं.