खालची पट्टी

पुण्याच्या कंपनीनं कुरिअरनं लॅपटॉप पाठवला पूर्णा जंक्शनला.
त्यात नवा एडिटर, कोराकरकरीत,
आणि तळाशी एक राखाडी पट्टी, काहीच न बोलणारी.
मी ठरवलं, आधी हिला बोलती करू.
कोड काय, रात्री बारालाही लिहिता येतो.

तीन दिवस तेच केलं.
डाव्या कोपऱ्यात मोड, त्याला तीन रंग.
शेजारी फाईलचं नाव, चुका किती, इशारे किती,
ओळ, रकाना, टक्के,
बॅटरी, घड्याळ, परभणीचं तापमान,
मेमरी किती खाल्ली,
आणि दोन खणांच्या मध्ये एक बाणाचं टोक
जे फॉन्टमध्ये नव्हतंच.
त्याच्या जागी चौकोन उमटायचा,
पोस्टात पत्ता न सापडलेल्या खोक्यासारखा.
त्या चौकोनापायी एक अख्खी रात्र गेली.
पहाटे चौकोन गेला, बाण आला,
आणि कुणाला तरी सांगावं म्हणून मी घरभर फिरले.
घरात दादाच होते.

दादांची एकतीस वर्षं केबिनमध्ये गेली.
लिव्हर ओढून ओढून उजवा खांदा खाली आलेला.
'काय करायलीस?'
मी पट्टी दाखवली.
वरचा कोड त्यांनी बघितलाच नाही,
तो त्यांच्या लेखी रुळापलीकडचं कुणाचं तरी रान.
पट्टीवरून मात्र बोट फिरवलं, काचेला न टेकवता,
डावीकडून उजवीकडे, सावकाश.
'ही फळी हाय,' म्हणाले.
'लिव्हरच्या वर असायची. फळीवर यंत्रं.
यंत्रात सुई, सुईला तीनच जागा.
लाईन बंद. लाईन क्लिअर. गाडी लाईनवर.
चौथी जागा नव्हती.'
जरा थांबून, 'चौथी असती तर माणसं मेली असती.'

मग तापमानापाशी आले.
'हे बघून तुझा हात हलतो का?'
नाही.
'मग फळीवर कामून ठेवलंस?
ऊन काय खिडकीतून दिसंना झालंय?'

सेटिंगच्या फाईलीत एकेक ओळ खोडत गेले.
तापमान गेलं. मेमरी गेली. टक्के गेले.
घड्याळापाशी अडलो.
मी म्हटलं, काढते, माझा हात हलत नाही.
ते म्हणाले, 'माझा हलतो. चारला चहा.'
घड्याळ राहिलं.
बाण गेला.
हो, तोच. त्यांनी सांगितलं नव्हतं,
मीच काढला, आणि थोडा वेळ कुणाशी बोलले नाही.

उरलं ते इतकंच: रंग, ओळीचा नंबर, घड्याळ,
सेव्ह न केलेल्या फाईलपुढे लाल ठिपका.
आणि अगदी उजव्या टोकाला
दादा झोपल्यावर मी घातलेला एक आकडा:
नळाला पाणी येऊन दिवस किती झाले.
सहाच्या पुढे गेला की पिवळा होतो.
शहेनाजभाभी जिन्यातून ओरडतात,
'विशाखा, कित्ते हुए?'
'सात!'
मग वरच्या मजल्यावर बादल्या सरकल्याचा आवाज.
म्हणजे हात हलला. फळीवर राहू दे.

दादा आता रोज चारला येतात.
चहा टेबलाच्या कडेला ठेवतात, वायरींपासून लांब,
आणि फक्त ठिपका बघतात.
लाल असला तर 'गाडी लाईनवर,' स्वतःशीच म्हणून
दारापाशी जाऊन उभे राहतात.
मला अजून अर्धं वाक्य जोडायचं असतं,
एक कंस मिटायचा असतो.
ते घाई करत नाहीत.
मी सेव्ह करते. ठिपका विझतो.

'नंबर?' दारातून आवाज येतो.
पूर्वी पलीकडच्या स्टेशनातून फोनवर प्रायव्हेट नंबर यायचा,
तो वहीत उतरल्याशिवाय सिग्नल पडायचा नाही.
मी खाली बघून ओळ वाचते.
'दोनशे चौदा.'
'दोनशे चौदा,' ते परत म्हणतात,
तळहातावर बोटानं लिहून घेतात,
आणि मगच कप न्यायला पुढे येतात.