कोरडं

पहाटे तीनला पंपाचा आवाज बदलला.
गुणगुणता गुणगुणता कुणी आवंढा गिळावा, तसा.
काचेआड, ग्राफिक्स कार्डाच्या कडेला
एक हिरवा थेंब लोंबत होता,
पडू की नको, ठरत नसल्यासारखा.

आधी भिंतीवरचं बटण बंद केलं.
तोंडचं पाणी पळालं ते नंतर.
मग फोन. वडिलांना.
मागच्या जूनमधल्या त्या जेवणानंतर पहिल्यांदाच.

ते केमीहून औलूला आले, सकाळच्या बसनं,
बुटांना बर्फ, खांद्याला कॅनव्हासची पिशवी.
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत नळ जोडलेला माणूस
माझ्या बोटभर नळ्यांकडे वाकून बघत राहिला.
"आमच्याकडे एका वळणात मी उभा मावायचो."

मी बोट दाखवलं: इथून गळतंय.
"दिसतं तिथून गळत नसतं, तुइरे.
पाणी वरून निघतं, नळीच्या पाठीवरून चालत येतं
आणि दुसऱ्याच्याच दारात पडतं."
टिश्यूच्या पट्ट्या फाडून त्यांनी
एकेका जोडाला गुंडाळल्या, जखमेला बांधाव्यात तशा.
"डोळे फसतात. कागद फसत नाही."

मी सगळ्या वायरी सोडवल्या,
पॉवर सप्लायच्या प्लगात पेपरक्लिप अडकवली,
एकटा पंप जागा केला. बाकी यंत्र झोपेत.
आम्ही दोघं जमिनीवर, गुडघ्याला गुडघा न लागेल इतके जवळ.

चौथी पट्टी हिरवी झाली.
माझ्या बोटाच्या कितीतरी वर.

पाणी उपसून जोड उघडला तर
आतली रबरी रिंग चपटी, एका जागी चिरलेली.
"जास्त आवळलंस."
"गळू नये म्हणून."
"हं. म्हणूनच."
रिंग त्यांनी तळहातावर बराच वेळ फिरवली.
मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं, दुपारीच अंधारलेलं.

अल्कोहोल, जुना टूथब्रश,
कार्ड दोन दिवस हीटरपासून हातभर लांब.
ते दोन दिवस राहिले. सोफा आखूड पडला,
बोलले नाहीत. बोलणं आखूड होतंच.
नवी रिंग त्यांच्या पिशवीतली, औषधाच्या डबीतून निघालेली.
"बोटांनी जेवढं फिरतं तेवढं. पाना राहू दे."

मग चोवीस तासांची राखण.
पुन्हा पट्ट्या, पुन्हा एकटा पंप.
मध्यरात्री खालच्या कागदावर डाग!
माझा हात थेट पेपरक्लिपकडे.
त्यांनी वास घेतला.
"कॉफी," म्हणाले. "माझी."
आणि हसले, खोकल्यासारखं.

मला कधी झोप लागली कळलं नाही.
उठले तेव्हा पिशवी नव्हती, बूट नव्हते,
पंप एका सुरात चालला होता
आणि टेबलावर पट्ट्या, ओळीनं,
प्रत्येकीवर पेन्सिलीनं वेळ,
गिरणीच्या वहीत लिहावी तशी:

दोन वाजता. कोरडं.
तीन वाजता. कोरडं.
चार वाजता. कोरडं. तू घोरतेस.
पाच वीस. कोरडं. कॉफी संपली आहे.