बाहेरून दिसणारा पत्ता

पहिल्या रात्री कळलं, शेवंताबाईंनी मिक्सर लावला होता
आणि पेटीची पिन काढून ठेवली होती डाळीच्या डब्यावर.
कौस्तुभ आइंडहोव्हनहून हसला.
म्हणाला, बाबा, निम्मे बिघाड असेच असतात.
उरलेले निम्मे मात्र तीन रात्री पुरले.

पेटी म्हणजे त्याचाच जुना कॉम्प्युटर,
जेल रोडच्या घरात, फ्रिजवर,
खालून वारा लागावा म्हणून पालथ्या ताटल्यांवर.
आत सगळं आहे. इंडेक्स टू, गंगापूर धरणावरचे फोटो,
त्याची सहावीची प्रगतिपुस्तकं (गणित लाल),
हिच्या गाण्याच्या वह्या, गेल्या चैत्रात
एकेक पान काचेवर ठेवून उतरवलेल्या.
घरातून मागितलं की देते.
बाहेरून मागितलं की गप्प.

तो सांगे, मी करी.
राउटर बंद. तीस मोजा. चालू.
पोर्ट उघडा.
पोर्ट म्हणजे बंदर, एवढंच मला शाळेत शिकवलेलं.
नाशकात बंदर कुठलं,
मे महिन्यात गोदेत पोरं गुडघे भिजवतात.
तरी उघडलं.
फायरवॉलला सांगा, आपलाच माणूस आहे. सांगितलं.
तिकडून तो ठोठावत राहिला,
इकडे टकटक पोचेना.
फ्रिजला कान लावून पाहिला मी,
खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या रात्री तो चिडला. पोर्ट बदल, पुन्हा बदल.
म्हटलं, थांब.
तुला दिसतात ते आकडे वाच नुसते.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नंबर तपासले मी.
ताव समोर धरायचा,
नजर पाण्यासारखी सोडून द्यायची आकड्यांवरून,
अडखळेल तिथे बोट.
का अडखळली ते नंतर.
आधी बोट.

तो वाचू लागला: बाहेरून आपलं घर
एकशे तीन, अठ्ठेचाळीस...
माझ्यासमोर राउटरचं पान:
शंभर, शहात्तर...
बोट ठेवलं.

तिकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाला, बाबा,
मी ठोठावत होतो ते दार आपलं नाहीच.

कंपनीतला गांगुर्डे फोनवर म्हणाला,
काका, आता एका पत्त्यावर आख्खी गल्ली बसवलीय.
तुम्ही, सानप, खालचा टायपिंग क्लास.
जगातले पत्ते संपले ना.
स्वतंत्र पाहिजे तर महिना दोनशे.

चारशे कोटी होते म्हणे.
तेवढे आकडे माझ्या एकट्याच्या नजरेखालून
गेले असतील, म्हणजे फुशारकीच मारायची तर.
संपले कधी, कळलं नाही.

दोनशे दिले नाहीत.
कौस्तुभने दुसरी वाट काढली.
बाहेरच्याला आत येता येत नसेल
तर आतल्याने हाक मारायची,
आणि फोन खाली ठेवायचाच नाही.
रात्री एक वाजून दहा मिनिटांनी
पेटीने हाक मारली.
आलो, तो म्हणाला,
आणि मी वेड्यासारखं दाराकडे पाहिलं.

अजून पहिल्या शिफ्टची सवय, पाचला डोळे उघडतात.
चहा ठेवताना फ्रिजवर बघतो.
हिरवा दिवा बहुतेक स्थिर असतो.
कधी भराभर लुकलुकतो,
तेव्हा समजायचं, तो काहीतरी उघडून बसलाय.
तिकडे साडेबारा होऊन गेलेले असतात.
काय उघडलं ते बघायची सोय आहे,
त्याने दाखवली होती, कुठली तरी यादी.
मी शिकून घेतली नाही.

पिनेवर कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात:
शेवंताबाई, मिक्सर पलीकडे.