तीस सेकंद

केरीच्या धक्क्यावरून निघालो तेव्हा चार वाजून गेले होते.
आईने काकड्या घेतल्या, कागदाच्या पुडीत मीठ,
सुलक्षाने कनकसाठी जादा फ्रॉक,
मी ट्रायपॉड, दोन लेन्स, एक काळी काच.
बाबांनी छत्री घेतली.
मार्चमध्ये छत्री कशाला, कुणी विचारलं नाही.

सुरूच्या बनातून वाळूत उतरताना
सुलक्षा म्हणाली, आमचा एक काढ ना.
म्हटलं, परतताना.
मला माणसं नको होती.
मला हवा होता तेरेखोलचा डोंगर, नदीचं तोंड,
आणि मधलं पाणी, ज्याला कुणाची सवय नाही असं.
(मी खरंच असं बोलते. घरच्यांना सवय आहे.)

बाबांना हे पाणी पाठ.
एकतीस वर्षं फेरीबोटीच्या पोटात,
केरी तेरेखोल, तेरेखोल केरी,
इंजिनाने एक कान केव्हाच खाल्ला.
चालता चालता ते सांगत होते
वाळूचा दांडा कुठून कुठे सरकला,
कुठल्या उधाणात किती सुरू गेले,
छत्रीच्या टोकाने दाखवत,
इथे एक रांग, इथे दुसरी, आणि ही तिसरी.
टोक टेकलं तिथे
लाट येऊन फेस ठेवून गेली.
मी हो हो म्हणत उजेड मोजत होते.

जिथून वाट हरमलच्या कड्यावर चढते
त्या खडकांपाशी ट्रायपॉड रोवला.
एक पाय सारखा खचायचा.
त्याच्याखाली आईची चप्पल सारली.

काळी काच लावली की
कॅमेरा म्हाताऱ्या माणसासारखा बघतो.
तीस सेकंद डोळा उघडा.
लाटांचा धूर होतो
आणि चालणारी माणसं उमटतच नाहीत,
म्हणून मी कुणालाही सरका म्हटलं नाही.
कनक खेकड्यांच्या बिळांवर उड्या मारत होती,
आई उरलेली चप्पल हातात घेऊन शिंपल्या वेचत,
सुलक्षा फोनवर कुणाशी तरी भांडत, गोल गोल.
फिरा, मी मनात म्हटलं,
फिरत राहा.

बाबांनी मात्र मला वाकलेली पाहिलं
आणि थांबले.
छत्री अंगाशी घेतली.
सदऱ्याचं वरचं बटण लावलं.
हनुवटी वर, खात्याच्या ओळखपत्रावर आहे तशी.

बाबा, चाला!
वारा होता, आणि तो कान.

सात. बारा. एकोणीस.
श्वासही धरलेला असावा.
एकदाच ओठ हलले, मी नुसते वाचले,
जालो काय गे?
मी हात हलवला, बाजूला व्हा, असा.
त्यांना वाटलं, अजून थोडं.
आणखी ताठ झाले.

मग दुसरा काढायला उजेड उरला नाही.
खडकावर बसून काकड्या खाल्ल्या,
मीठ वाळूत सांडलं, तरी खाल्ल्या.
परतताना सुलक्षाने आठवण केली नाही,
मीही नाही.

रात्री लॅपटॉपभोवती सगळे.
काळा डोंगर, जांभळं आभाळ,
काठावर एकटे बाबा,
सदऱ्याच्या घड्या मोजता येतील इतके स्वच्छ,
फक्त छत्रीचं कापड वाऱ्याने पुसट.
कनक म्हणाली, मी एवढ्या उड्या मारल्या त्या कुठे गेल्या?
आईने पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं.
मी खंय?
मी बोटाने जागा दाखवली.
तिथे थोडा धूर होता.

बाबा चष्मा कपाळावर चढवून
बराच वेळ बघत राहिले.
स्वतःकडे नाही. पाण्याकडे.
अशा धुक्यात, म्हणाले,
आम्ही फेरी सोडत नसू.
नुसता भोंगा द्यायचा, थांबून थांबून,
मधे कुणी असलंच तर.