एकास बारा

तहसीलसमोरचा फूटपाथ नगरपालिकेचा,
रस्ता बांधकाम विभागाचा,
आणि मध्ये राहिली ती वीतभर खाच
कुणाचीच नाही.
दोन्हीकडचे नकाशे मी टेबलावर शेजारी शेजारी मांडले.
रेषा तिथवर येतात आणि थांबतात,
बोलणं बंद झालेल्या जावांसारख्या.

मैनोद्दीन मणियार वरच बसतो,
हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवर,
मांडीवर पाट, पाटावर कार्बन.
लोकांचे अर्ज लिहितो:
सातबाऱ्याचा उतारा, आठ-अचा उतारा, फेरफाराची नक्कल.
"काय बघूलालाव, म्याडम?
सगळ्या उदगीरला उतारा काढून देतो मी.
मला नुस्ता उतार पायजे.
एक काना कमी. तेवढं बी जमंना का तुमाला?"

मी हसले. मग हसू गिळलं,
कारण तो उतार माझ्याच सहीचा.
दोन वर्षांपूर्वी, एकतीस मार्चला,
मोजमाप पुस्तिकेत लिहिलं होतं:
रॅम्प, नग एक, उतार एकास बारा.
टेप गाडीत होती. ऊन होतं.
बिल त्याच दिवशी जायचं होतं.
आज टेप लावली.
एकास पाच.
वर टोकाला विजेचा खांब,
त्याला वळसा घालून चढायचं.

तो रोज चढतो कसा, हे मी विचारलं नव्हतं.
पायथ्याशी येतो, ब्रेक धरतो, थांबतो.
"भाऊ, जरा हात लावा."
सकाळी एक भाऊ, चहाला एक, लघवीला जाताना-येताना दोन,
जोहरच्या नमाजाला आणखी दोन.
"दिवसाला बारा भाऊ लागतात," म्हणाला,
"सख्खा एक बी न्हाई."

परवा रात्री डांबर पडलं.
कुणी मंत्री येणार म्हणून नाही, खोटं कशाला बोलू,
निधी परत जाणार होता म्हणून.
जुना थर खरवडून टाकणे, असं अंदाजपत्रकात आहे.
खरवडला नाही.
माझ्या नोकरीतला हा तिसरा थर.
समोरच्या कोऱ्यांच्या भांड्याच्या दुकानाची पायरी
रस्त्याच्या खाली गेली.
शिवलिंगप्पा कोरे कोरड्या उन्हात
दारात विटा रचतायत, येणाऱ्या पाण्यासाठी.
आणि रॅम्पपाशी थर वीतभर आधीच थांबला,
कड चार बोटं उंच.
सायकलचं पुढचं चाक त्या खाचेत असं बसतं
जशी घोरपड कपारीत.

पहाटे तीनला ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं, एवढं भरून घ्या.
"आयटममध्ये न्हाई, म्याडम."
खरं होतं. अंदाजपत्रक मीच केलेलं.

रोलर बंद झाला. टिपरच्या तळाशी थोडं उरलं होतं,
अजून वाफा येत होत्या.
पायांना गोणपाट बांधलेली चौत्राबाई
घमेलं घेऊन उभी: "हे कुठं टाकू?"
मी काहीच बोलले नाही.
बॅटरीचा उजेड खाचेवर धरला.
चार घमेली.
फावड्याच्या पाठीनं ठोकलं तिनं,
कुणावरचा तरी राग काढावा तसं,
आणि माझ्याकडे न बघता टिपरवर चढली.

सकाळी मैनोद्दीनचं चाक त्यावरून गेलं.
गचका बसला नाही.
मग चढ आला, तो होता तसाच, एकास पाच,
ब्रेक धरून थांबला.
या वेळी मागून हात मी लावले.
लोखंड तापलेलं होतं.
तो वजनदार आहे, हेही पुस्तिकेत नव्हतं.

वर पोचल्यावर टाचेनं त्या काळ्या पट्टीकडे खूण केली मी:
रोलर फिरला नाही त्यावर, दिवाळीपर्यंत बसेल.
"ठाऊक हाय," म्हणाला.
पाट मांडीवर घेतला. दोन कोरे कागद, मध्ये कार्बन.
"प्रति, मुख्याधिकारी. विषय सांगा."

उतार चुकीचा मोजल्याबाबत, मी म्हटलं.

अर्जदाराच्या रकान्याशी पेन थांबलं.
माझं नाव त्याला माहीत होतं,
तरी विचारलं, आडनावासकट, आणि लिहिलं.
"वीस रुपये झाले," म्हणाला,
"सुट्टे द्या."