महिरपीच्या बाहेर

हेल्यू पिहलाक, वय एक्क्याऐंशी,
गुडघ्याच्या एक्स-रेसाठी बेटावरून निघालेली,
पहाटे पावणेपाचला हेल्पलाइनवर विचारते:
“माझ्या तिकिटावर कुणी एंडेल आहे,
आणि त्याच्यासोबत एक कुत्रा, मोठा.
माझा कुत्रा तर गेल्या फेब्रुवारीत गेला.
तुम्हाला कुणी सांगितलं?”

ताल्लिनमध्ये उणे सतरा.
मी स्वेटरवर कोट चढवून स्क्रीनपुढे.
माझ्या मेजावर सगळं सुरळीत:
तिकीट काढते, माझंच नाव.
पुन्हा काढते, माझंच नाव.
अर्थात. खोलीत एकटीच असल्यावर
कोण कुणाच्या चपला घालून जाणार?

मग दोन खिडक्या उघडते.
एकीत हेल्यू, एकीत एंडेल,
एका दमात दोन्ही बटणं,
आणि सापडतं.

फाइलच्या अगदी वर, दुसऱ्याच ओळीत
तावेतनं ठेवलंय: प्रवासी.
एकच. सगळ्यांसाठी.
महिरपी कंसाच्या बाहेर, चव्हाट्यावर.
हेल्यू येते, त्या खुंटीवर आपला कोट अडकवते.
कोड डेटाबेसला विचारतो, जागा आहे का,
आणि थांबतो.
किती? पापणी लवायलाही याहून वेळ लागतो.
तेवढ्यात एंडेल येतो, कुत्र्यासकट,
त्याच खुंटीवर त्याचा कोट.
डेटाबेस म्हणतो, आहे जागा.
हेल्यूचा हात खुंटीकडे जातो.

तावेत ब्राउझरमध्ये वाढलेला पोरगा.
तिथं ज्याचं पान त्याच्यापाशी,
वर ठेवा, खाली ठेवा, घर आपलंच,
पान मिटलं की सगळं पुसलं.
इथं फाइल एकदाच जागी होते
आणि जागीच राहते, दिवसेंदिवस,
येईल त्याला तीच दार उघडते.
आम्ही दोनदा सर्व्हर बंद करून चालू केला,
दोनदा म्हणालो, गेलं एकदाचं.
विसरायला लावणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

फोनवर त्याला सांगते,
आतून बाहेरचं दिसतं,
बाहेरून आतलं दिसत नाही.
बंदराचं नाव, बोटीचं नाव
खुशाल वर राहू दे, ते सगळ्यांचं,
आणि ते बदलत नाही.
माणूस मात्र महिरपीच्या आत.
आला की जन्मावा,
तिकीट घेऊन गेला की संपावा.
तावेत गप्प. मग, “एकच ओळ?”
एकच ओळ. चार ओळी खाली.

सहाची बोट.
चुकीचं तिकीट घेऊन हेल्यू धक्क्यावर.
तपासणारा लेंबित कागदाकडे बघतही नाही.
“गुडघा काय म्हणतो?” विचारतो, हात देतो.
त्या बेटावर सगळेच
फाइलच्या वर राहतात.

दुपारी तिनंच कळवलं:
हाड ठीक आहे. बोटीत एंडेल भेटला.
कुत्रा खरंच मोठा होता.
तिच्या बुटांवर डोकं ठेवून झोपला
पलीकडचा धक्का येईपर्यंत.